हूडवाल्यांची जीप

जव्हारच्या बाजारात आमचं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नाही. आम्ही हूडवाले. जीपच्या डोक्यावरचं ताडपत्रीचं छप्पर म्हणजे हूड, आणि ते शिवणारे आम्ही. आजोबांनी घोड्यांची खोगिरं आणि टांग्यांच्या गाद्या शिवल्या, अब्बांनी जीपची हूडं शिवली आणि आता मी शिवते. रस्त्यात कुणी "ओ हूडवाली बाई" अशी हाक मारली तर मला त्यात वावगं वाटत नाही. उलट बरंच वाटतं.

घरात आम्ही जी बोली बोलतो ती थोडी हिंदी, थोडी उर्दू आणि उरलेली जव्हारची. शाळा मात्र माझी मराठी. म्हणून हे मराठीत लिहिते आहे, आणि अब्बांचं बोलणंही इथं मराठीतच येईल.

आमचं दुकान एसटी स्टँडच्या खालच्या अंगाला. पुढं जाड कापडाची शिलाई मशीन, मागं ताडपत्रीचे गठ्ठे आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कापड बेतायचे पुठ्ठ्याचे फर्मे. जीपच्या प्रत्येक मॉडेलचा फर्मा वेगळा. पुढच्या काचेची उंची दोन बोटांनी वाढली तरी जुना फर्मा चालत नाही. लहानपणी मी ते फर्मे झटकायचं काम करायचे, आणि अब्बा एकेकाकडे बोट दाखवून सांगायचे. हा सगळ्यात जुना, आजोबांनी कापलेला. दुसरं महायुद्ध संपल्यावर फौजेनं काढून टाकलेल्या जीपांपैकी एक इकडे आली होती, तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. हा त्यानंतरचा. तेव्हा आपल्याच देशातली एक कंपनी जीपा बांधायला लागली होती. आधी सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथं फक्त जोडायचे, पुढं हळूहळू सगळंच इथं घडायला लागलं. हा पेट्रोल जाऊन डिझेल आलं तेव्हाचा. हा लांब जीपचा, समोरासमोर दोन बाकं असलेल्या, मोखाड्याच्या बाजाराला माणसं, कोंबड्या आणि भाताची पोती एकत्र नेणाऱ्या.

त्या कंपनीचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. जीप म्हटलं की झालं. दुसऱ्या कुठल्या कंपनीची उंच गाडी घाट चढून आली तर लोक तिलाही जीपच म्हणतात, आणि अब्बा म्हणायचे, "म्हणू देत. पण हूड शिवताना कळतं खरी कोण ते."

अब्बांची हूड तपासायची एक पद्धत होती. नवं हूड चढवलं की ते आत जाऊन बसायचे, मांडीवर कोरडं वर्तमानपत्र उघडून. मी स्टुलावर उभी राहून वरून बादलीनं पाणी ओतायचे. एक बादली, दुसरी, तिसरी. मग ते बाहेर येऊन पेपर उलटसुलट करून बघायचे. एक थेंब जरी दिसला तरी ती शिवण उसवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, एवढ्यानं काय होतंय." अब्बा ऐकायचे नाहीत. "इथं एक थेंब आहे, तो आषाढात तुमच्या मानेवर धार होऊन येईल," एवढंच बोलून दाभण हातात घ्यायचे.

आमच्याकडे स्वतःची जीप आली ती अशी. मोखाड्याला एका सरकारी कचेरीच्या आवारात जांभळाच्या झाडाखाली एक जीप कित्येक वर्षं उभी होती. ती नवी आली तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात तिच्या मूळच्या हूडमधून पाणी गळलं, आणि तिथल्या साहेबांनी अब्बांना बोलावलं होतं. अब्बांनी आजोबांची मदत न घेता, स्वतःचा फर्मा कापून शिवलेलं ते पहिलं हूड. पुढं ती गाडी थकली, साहेब बदलले, नव्या गाड्या आल्या आणि ती झाडाखाली गेली. मोखाड्याला कामानिमित्त गेले की अब्बा तिच्याकडे एक चक्कर टाकून यायचे. मग एक दिवस तिचा लिलाव निघाला. बोली लावायला आले होते ते सगळे भंगारवाले. तिला कापून न्यायला.

त्या दिवशी अब्बा ताडपत्री आणायला म्हणून घराबाहेर पडले होते. संध्याकाळी ट्रकवर जीप घालून परत आले. अम्मी दारात उभी राहून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. टपावर काही उरलं नव्हतं, फक्त पाइपच्या कमानी. ड्रायव्हरच्या पायाशी पत्र्याला भोक पडलं होतं आणि त्यातून वर आलेलं गवत तसंच अडकून राहिलं होतं.

"लोक भंगार विकतात," अम्मी म्हणाली. "आपण विकत आणतो."

"भंगार नाही," अब्बा म्हणाले. "चेसिस बघ जरा."

अम्मीनं चेसिस बघितली नाही. पण चहा केला, ट्रकवाल्यालाही दिला.

आमच्या दुकानाला लागून एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. अब्बांच्या वयाचे, आमच्यासाठी मिस्त्रीकाका. जव्हार-मोखाड्यातल्या निम्म्या जीपांचे आजार त्यांना तोंडपाठ होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, बोनेट उघडलं आणि आतलं उंदरांचं घरटं दोन हातांनी उचलून बाहेर ठेवलं. मग जमिनीवर उताणे पडून गाडीखाली सरकले. खूप वेळानं आवाज आला, "चांगली आहे. मरायची नाही ही."

पुढचं दीड वर्ष दर शुक्रवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, दोघं त्या जीपपाशी असायचे. गिअरबॉक्स विक्रमगडकडच्या एका पडीक गाडीतून आली, बोनेट दुसऱ्या एकीचं, मागचं फळकुट तिसरीचं. जीपचं हेच मोठं आहे, मिस्त्रीकाका म्हणायचे. बापाचा कोट पोराला येतो तसा एकीचा भाग दुसरीला बसतो. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी मशीनवर होते. काळा धूर दुकानात शिरला आणि धुतलेल्या ताडपत्रीवर बसला. अब्बा रागावले नाहीत. ते गाडीजवळ उभे राहून नुसते ऐकत होते.

मला भाऊ नाही. धाकटी बहीण लग्न होऊन भिवंडीला गेली, मी मात्र दोन गल्ल्या सोडून गावातच दिली गेले. नवरा शाळेत कारकून. त्याला गाड्यांचं वेड नाही, पण जीपच्या सगळ्या कागदपत्रांसाठी ठाण्याला खेपा त्यानंच घातल्या. शिवणकाम मी लग्नाआधीपासून करत होते आणि लग्नानंतरही दुकानात येत राहिले. सासूबाईंनी कधी काही म्हटलं नाही. त्यांच्या माहेरीही लोक हातानंच कमावणारे होते.

जीप रस्त्यावर आली आणि दोन वर्षांत अब्बांचे डोळे जायला लागले. मोतीबिंदू निघाला, पण आत काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपा, आणि गाडी चालवू नका. अब्बांनी त्या दिवशी घरी आल्यावर किल्ली माझ्यापुढं ठेवली.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"हूड तरी कुठं येत होतं," ते म्हणाले.

मी शिकले ते शिरपामाळावर. शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथं पडला होता म्हणून माणसं बघायला येतात, पण सकाळी सातच्या आत तिथं वाऱ्याशिवाय कुणी नसतं. अब्बा शेजारी बसायचे. त्यांना समोरचा रस्ता धड दिसत नव्हता, पण इंजिन त्यांना ऐकू यायचं आणि तेवढं पुरायचं. "दमलीय ती, खालचा गिअर टाक." "पाय काढ क्लचवरून, तिला तुझी मदत नको आहे." आमची जीप मूळची सरकारी, त्यामुळं तिची चारही चाकं ओढायची. माणसं वाहणाऱ्या लांब जीपांची मागची दोनच ओढतात. मोठ्या गिअरच्या शेजारी दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढच्या चाकांना जोर देते. दुसरी ओढली की गाडी माणसाच्या चालीनं चालते, पण भिंत असली तरी चढेल असा जोर धरते. तिला आम्ही लो म्हणतो. माळाच्या कडेला एक दगडी उतार होता. अब्बांनी मला तिथं आठ दिवस फक्त चढायला आणि उतरायला लावलं. मधेच थांबवायचे, गाडी बंद करायला लावायचे आणि तिथूनच पुन्हा सुरू करायला सांगायचे. दोनदा मी रडले. ते खिडकीबाहेर बघत बसून राहिले आणि माझं झाल्यावर म्हणाले, "आता सुरू कर."

त्यानंतर मी जीप घेऊन गावोगाव जाऊ लागले. कुणाची बाकं दुरुस्त कर, कुणाच्या ट्रॅक्टरला सावली शिव. मोखाड्याच्या बाजारात गाडी लावली की सुरुवातीला लोक ड्रायव्हर कुठं गेला म्हणून विचारायचे. पुढं विचारेनासे झाले.

डोंगरावरच्या वांगणी पाड्याच्या बायका दुकानात आल्या तो माघ महिना होता. तिघी होत्या. पुढं होती ती त्यांच्या बचत गटाची अध्यक्ष, पन्नाशीची, अंगानं बारीक, आवाज ठाम. तिनं आधी बाहेर उभ्या जीपभोवती एक फेरी मारली, मग आत आली.

"बाय, तुमची जीप आमचा चढ चढंल का?"

मी विचारलं, न्यायचं काय आहे. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. गटानं चक्की घेतली होती. डिझेल इंजिनावर चालणारी, कारण पाड्यावरची वीज कधी असते, कधी नसते. आजवर दळण डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा आणि पीठ घेऊन चढायचा, त्यात दिवस मोडायचा. चक्की डोंगराखालच्या वावर गावापर्यंत आली. पुढं टेम्पोवाला अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि सगळं सामान ओळखीच्या एका घराच्या ओटीवर उतरवून गेला. त्याला तीन आठवडे झाले होते. माणसं नेणाऱ्या जीपा चढाखालीच थांबायच्या.

"गडी असतं तं उचलून नेलं असतं," ती म्हणाली. "गडी वीटभट्टीवर गेलंत. होळीला येतील, परत जातील. आमी बायका आनि म्हातारी मानसं. तेवढ्यांनी व्हायचं नाय."

मी अब्बांकडे बघितलं. ते मशीनमागच्या खुर्चीत बसले होते.

"चढावर खडी आहे का मुरूम?" त्यांनी विचारलं.

"मुरूम. मधी ओहोळानं खाल्लाय."

"किती खाल्लाय?"

तिनं हात कमरेपाशी नेला, मग जरा खाली आणला. अब्बांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, "तो खड्डा दगडांनी भरून ठेवा. मोठे खाली, बारीक वर. परवा येतो."

"येतो" म्हणाले, "ही येते" असं नाही. मला वाटलं मिस्त्रीकाकांना चालवायला सांगणार. बायका गेल्यावर मी तसं विचारलं.

"मिस्त्री इंजिन जोडायला येईल," अब्बा म्हणाले. "चालवणार तू."

परवा सकाळी आम्ही तिघं निघालो. मागची बाकं काढून ठेवली होती. वावरला ओटीवरचं सामान बघितलं. चक्की एकवेळ ठीक, पण तो इंजिनाचा ठोकळा चार माणसांनाही हलत नव्हता. मिस्त्रीकाकांनी त्याचं जड चाक आधी सोडवून काढलं आणि ते माझ्या शेजारच्या सीटखाली, अब्बांच्या पायाशी ठेवायला लावलं. वजन जितकं पुढं राहील तितकं चांगलं. चढावर मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. वावरच्या माणसांनी चक्की आणि इंजिन फळ्यांवरून आत सरकवलं, आणि आम्ही ते सीटच्या पाठीला भिडवून दोरांनी आवळलं. ती गाठ मात्र मी मारली. ताडपत्री आवळताना मारतो तीच.

चढाखाली पोचलो तर पंधरा-वीस बायका आणि काही म्हातारे उभे होते. ओहोळानं खाल्लेला भाग त्यांनी इतका नीट भरला होता की घराचा पाया वाटावा. अध्यक्षबाईनं फक्त मान हलवली.

पहिल्या खेपेला मी चुकले. खाली वेग घेतला, भीती वाटली म्हणून. दांड्या टाकल्या होत्या, पण पाय जड पडला. भरलेल्या ओहोळावरून गाडी व्यवस्थित गेली आणि त्याच्या वरच्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम मागं उडाला. गाडी तिरकी व्हायला लागली. डाव्या हाताला दरी नव्हती, पण उतार होता, आणि तो कुठं थांबतो ते दिसत नव्हतं. मागच्या वजनानं दोर करकरले.

"थांब," अब्बा म्हणाले. "ब्रेकवर राहा. आता इंजिन बंद कर. उलटा गिअर. आता ब्रेक सोड आणि मग सुरू कर. ती स्वतःच तुला खाली नेईल. पाय खाली टेकवून ठेव, कशालाही लावू नकोस."

शिरपामाळावर हेच आठ दिवस केलं होतं. जीप मागं, एकेक बोट करत उतरली, इंजिनाच्या धाकानं. खाली आल्यावर मी हँडब्रेक ओढला आणि मागच्या दोरांची गाठ तपासली.

मिस्त्रीकाका उतरून चाकांपाशी वाकले होते. म्हणाले, "हवा जास्त आहे. टणक चाक मुरुमावर घसरतंच." चारही चाकांतली थोडी थोडी हवा त्यांनी सोडली. चाकं जमिनीवर जरा पसरली, उंटाच्या पावलासारखी. तेवढ्यात अध्यक्षबाई माझ्या बाजूला आली.

"आमी बाजूनी चालू," ती म्हणाली. "दोघी दोघी. जीप थांबली तं चाकामागं दगड टाकू. तुमी मागं यायचं नाय."

"पायावर येईल," मी म्हणाले.

"नाय येत. बैलगाडी चढवतो तशीच."

दुसऱ्या खेपेला मी वेग घेतला नाही. लो टाकला, पहिला गिअर, आणि पाय एका जागी ठेवला. जीप माणसाच्या चालीनं निघाली. दोन्ही बाजूंनी बायका दगड हातात घेऊन चालत होत्या, गुडघ्यावर लुगडं, नजर चाकावर. ओहोळ ओलांडला. वळण आलं. चाक एकदा फिरलं. अब्बा म्हणाले, "सोडू नकोस. वाढवू पण नकोस." पुन्हा फिरलं, गाडी थांबली, आणि त्याच क्षणी मागून दगड बसल्याचा आवाज आला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. गाडी तसूभरही मागं आली नाही. मी पुन्हा हळूच पाय दिला. चाकानं पकड घेतली आणि आम्ही वर सरकलो. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा दगड लागलाच नाही. चढ संपला होता. समोर पाडा, वाळत घातलेला पेंढा, आणि एक म्हातारी हातावरचं पोर खाली ठेवून आमच्याकडे बघत उभी.

मी इंजिन बंद केलं. अब्बांनी डॅशवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. उतरताना मिस्त्रीकाकांना म्हणाले, "माझ्याच्यानं पहिल्या खेपेनंतर पुन्हा झालं नसतं." मी दोर सोडत होते. मला ऐकू येईल असं त्यांना वाटलं नसावं. किंवा वाटलं असेल. माझं आजवर कुणी याहून मोठं कौतुक केलेलं नाही.

एक बाई कुंकवाची कोयरी घेऊन आली. बोनेटपाशी थांबली आणि तिनं माझ्याकडे आणि अब्बांच्या टोपीकडे बघितलं. "लावू का, बाबा?"

"लाव की," अब्बा म्हणाले. "हूडला नको. कापडावरचा डाग निघत नाही."

ती हसली आणि तिनं बोनेटला, चाकाला आणि चक्कीला कुंकू लावलं.

इंजिन जोडून बसवायला दुपार झाली. आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी दिली. पहिलं दळण कुणाचं घ्यायचं यावर बायकांची आपसात कुजबुज झाली, आणि मग सगळ्यांनी आपापल्या टोपलीतून एकेक मूठ नागली आणून एकत्र घातली. पट्टा फिरला, चक्की घरघरली आणि करडं, कोमट पीठ खाली पडायला लागलं. अध्यक्षबाईनं चिमूटभर बोटांत चोळून बघितलं.

"जाडं आलंय," ती म्हणाली. मिस्त्रीकाकांनी चाकी आवळली. तिनं पुन्हा चोळून बघितलं. "आता बरोबर."

जाताना त्यांनी त्या पिठातलं शेरभर आमच्या पिशवीत घातलं. अम्मीनं त्याच्या भाकऱ्या केल्या, आणि एक शेजारी पाठवली. आमच्या जीपनं आणलेलं पीठ आहे, असा निरोपही सोबत गेला. आणल्यापासून पहिल्यांदा ती "आमची जीप" म्हणाली.

त्यानंतर आमची जीप अशाच कामांना जायला लागली. हातपंपाचे पाइप, शाळेची कपाटं, एकदा एका पाड्यावरच्या लग्नाचा मांडव. जिथं दुसरी गाडी जात नाही तिथं हूडवालीला बोलवा, असं झालं. मी मोखाड्याच्या बाजारात गेले की वांगणीच्या कुणी ना कुणी बायका भेटतात आणि चक्की कशी चालली आहे ते सांगतात. आता त्या चढावर डांबर पडलं आहे, निम्म्याहून जास्त. पावसात उरलेलं अजूनही वाहून जातं.

अब्बा जाऊन काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ते दुकानात येऊन बसायचे आणि बाहेरून जाणारी जीप आवाजावरून ओळखायचे. टपाला पत्रा लावलेल्या गाड्या आल्या आणि हूडचं काम कमी झालं, तेव्हाही त्यांनी मला दुसरा धंदा कर असं म्हटलं नाही. मी दप्तरं शिवली, पावसाळी आच्छादनं शिवली, सोलरच्या पॅनेलला झाकणं शिवली. फर्मे मात्र भिंतीवरून काढले नाहीत.

गेल्या वर्षी ठाण्याचा एक तरुण दुकानात आला. त्याच कंपनीची नवी कोरी जीप, चारही चाकं ओढणारी, वर कापडी छप्पर. झाडाची फांदी घुसून ते छप्पर फाटलं होतं. शहरातून नवं मागवायला महिने लागणार होते. मी त्या गाडीभोवती फिरले. चेहरा ओळखीचा होता. गोल दिवे, उभ्या पट्ट्यांची जाळी. पण प्रत्येक माप वेगळं होतं. मी पुठ्ठा मागवला आणि नवा फर्मा कापला. दोन दिवसांत छप्पर शिवून दिलं. त्याला आत बसवलं, मांडीवर वर्तमानपत्र दिलं आणि वरून बादल्या ओतल्या. तो आधी हसला, मग कोरडा पेपर उलटसुलट करून बघत राहिला.

त्यानंच मला मेळाव्याचं बोलावणं दिलं. त्या जीपांचे मालक वर्षातून एकदा कुठंतरी जमतात, यंदा शिरपामाळ ठरला होता. मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, "जा. आपली काय कमी आहे का?" म्हणून मी जुनी जीप धुतली आणि घेऊन गेले.

तिथं चाळीसेक गाड्या होत्या, सगळ्या चकचकीत. मी कडेला लावली. थोड्या वेळात माणसं येऊन उभी राहायला लागली. कुणी खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघत होतं, कुणी फोटो काढत होतं. त्यांत एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते, मुलाच्या गाडीतून आलेले. ते फोटो काढत नव्हते. त्यांनी मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या कोपऱ्यात आतून हात घातला आणि बोटांनी काहीतरी शोधलं.

"आहे," ते म्हणाले. "इथं हात घाला. खाच लागते का?"

लागली. एवढी वर्षं मी ती गाडी धूत होते, पण ती खाच मला ठाऊक नव्हती.

"हा कोपरा साच्यातून कधी सरळ यायचा नाही. आम्ही हातोडीनं बसवायचो. मी पस्तीस वर्षं कारखान्यात त्याच खात्यात होतो. माझीच असेल असं नाही, आम्ही सहाजण होतो. पण आमच्या हातची आहे." मग त्यांनी वर बघितलं. "हे हूड आमचं नाही."

"आमचं आहे," मी म्हणाले. "माझ्या वडिलांचा फर्मा. शिवण माझी."

त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "आमच्यातनं पाणी यायचं," ते म्हणाले, अगदी सहज.

मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे कुठली जीप आहे. ते म्हणाले, कधीच नव्हती. घर, मुलांची शिक्षणं, मग स्कूटर, मग मुलाची ही गाडी. "हजारो माझ्या हाताखालून गेल्या असतील. खात्यापासून फाटकापर्यंत चालवल्यात. डोंगरावर एकही नाही."

मी किल्ली पुढं केली. ते मुलाकडे बघायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, गुडघ्याचं काय?" त्यांनी ऐकलं नाही. पायरीवर पाय ठेवला, स्टिअरिंगला धरून स्वतःला वर ओढलं आणि बसले. मी शेजारी बसले. त्यांना दोन्ही छोट्या दांड्या माहीत होत्या, अर्थातच. पण लोमध्ये घातल्यावर गाडी जी ओढ घेते ती पहिल्यांदा जाणवली, आणि त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"पाय एका जागी ठेवा," मी म्हणाले. "बाकी ती करेल."

माळाच्या कडेचा तो दगडी उतार आम्ही चढलो. वर खूप वारा होता, खाली दऱ्या आणि पलीकडे मोखाड्याकडचे डोंगर. त्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"बाई," ते थोड्या वेळानं म्हणाले, "आणखी एकदा चढलं तर चालेल?"

मी हो म्हणाले, आणि त्यांनी उलटा गिअर टाकला.